एका बाजूला ४५ मिनिटं : संगीत-ग्रंथालयांतल्या कॅसेटसंग्रहांविषयी

आग्रा घराण्याचे गवई पंडित रामराव नाईक (१९०९–१९९८) यांचं नाव बंगळुरूच्या जुन्या रसिकांपुढे काढलं, की बोलणं लगेच ध्वनिमुद्रणांवर येतं. कोणाकडे त्यांची बैठक आहे, कोणाकडे रेडिओवरून भरून घेतलेलं गाणं आहे, कोणाच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला त्यांच्या बोलण्याचा तुकडा आहे. अता हुसेन खाँ यांच्यासारख्या गुरूची तालीम लाभलेला हा गवई बंगळुरूत राहून गात आणि शिकवत राहिला. मुंबई, पुणे, कोलकाता ही हिंदुस्थानी संगीताच्या बाजारपेठेची केंद्रं. बंगळुरू त्यांच्यापासून दूर. आज ज्याला रामरावांचं गाणं ऐकायचं असेल, त्याला दुकानात मिळणाऱ्या तबकड्यांपेक्षा आकाशवाणीच्या आणि खाजगी मुद्रणांकडेच जास्त वळावं लागतं.

रामरावांच्या शिष्या ललित राव यांची गोष्ट याच्या एक पाऊल पुढची. बंगळुरूत रामरावांकडे, पुढे दिनकर कैकिणी यांच्याकडे आणि मुंबईत खादिम हुसेन खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. त्या शिक्षणाने अभियंता आहेत, हेही लक्षात ठेवण्याजोगं. खादिम हुसेन खाँसाहेब म्हणजे 'सजन पिया'. अता हुसेन 'रतन पिया', विलायत हुसेन 'प्राण पिया', फैयाज खाँ 'प्रेम पिया'. आग्र्याच्या गवयांनी या टोपणनावांनी बंदिशी बांधल्या आणि त्यांतल्या कितीतरी शिष्यांच्या गळ्याबाहेर कधी गेल्याच नाहीत. ललित राव यांनी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने या परंपरेच्या गाण्याचं मुद्रण केलं आणि ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगीत-संग्रहात ठेवलं गेलं. १९९३ साली खादिम हुसेन खाँ गेले. बंगळुरू, मुंबई आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक विद्यापीठ, एवढ्या तीन ठिकाणांना जोडून एका घराण्याच्या बंदिशी टिकल्या.

विद्यापीठाच्या संगीत-ग्रंथालयात ध्वनिफिती का असाव्यात, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर सापडणार नाही. तरीही भारतातल्या बहुतेक संगीत-विभागांत कॅसेटच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारावं लागतं. पुस्तकांना दाखल क्रमांक असतो, वर्गीकरण असतं, वार्षिक तपासणी असते. कॅसेट मात्र 'इतर साहित्य' या रकान्यात जाते. कधी विभागप्रमुख निवृत्त होतात आणि त्यांच्याबरोबर कोणत्या कॅसेटमध्ये काय आहे हेही निघून जातं. पुढचं विवेचन या कपाटाविषयी आहे: त्यात काय असतं, ते का मोलाचं आहे, आणि ते वाचवायचं तर नेमकं काय करावं लागतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. दुकानातून विकत घेतलेली कॅसेट ही छापील पुस्तकासारखी; एक हरवली तर दुसरी मिळण्याची आशा असते. पण संगीत-विभागात साठलेल्या कॅसेटपैकी मोठा भाग घरी, सभागृहात, तालमीच्या खोलीत भरलेला असतो. तो हस्तलिखित पोथीच्या जातीचा. एकच प्रत, फार तर दोन-तीन नकला, आणि प्रत्येक नकलेत नक्कल करणाऱ्याच्या हातचे दोष. पोथीच्या शेवटी लेखनिक शक, तिथी आणि गाव लिहून ठेवतो. ते पान गेलं की पोथीचा अर्धा इतिहास जातो. कॅसेटमध्ये ते काम डबीतलं दुमडलेलं कार्ड करतं. पोथ्या जपायला आपण शिकलो, त्यांच्या सूची केल्या, पाठभेद लावले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचं नाव मराठी घरांत आदराने घेतलं जातं ते त्यासाठीच. कॅसेटला तो मान अजून मिळायचा आहे.

आता या वस्तूकडे जरा जवळून पाहू.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट पहिल्यांदा मांडली. तिच्यामागे लाऊ ऑटेन्स या डच अभियंत्याचा गट होता. आतली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या मंद गतीने यंत्राच्या डोक्यासमोरून, म्हणजे 'हेड'समोरून, सरकते. एवढ्याशा रुंदीत चार पट्टे असतात, स्टिरिओचे दोन जाताना आणि दोन येताना. स्टुडिओतल्या स्पूलची फीत याहून रुंद आणि कितीतरी वेगवान, म्हणून तिचा आवाजही भरीव. कॅसेट मुळात श्रुतलेखनासाठी, कचेरीतल्या टिपणांसाठी योजलेली होती. संगीतासाठी ती कमी पडते हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होतं. पण ती स्वस्त होती, खिशात मावत होती, आणि तिच्यावर कोणालाही काहीही भरता येत होतं.

या तिसऱ्या गुणाने आपल्याकडे काय केलं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला. तबकडीच्या शेवटी ती स्वतःचं नाव मोठ्याने सांगते, कारण तबकडी जर्मनीत छापली जायची आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं. हीच गौहर अखेरच्या काळात म्हैसूर दरबारच्या आश्रयाला आली आणि १९३०च्या जानेवारीत तिथेच वारली. तिच्यावर चरित्रग्रंथ लिहिणारे विक्रम संपत यांनी पुढे बंगळुरूत जुन्या तबकड्यांचा 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' हा संग्रह उभा केला आणि तो लोकांना ऐकायला खुला केला, हा योगायोग नाही. एका आवाजाचा शोध घेताना माणूस शेकडो आवाजांपर्यंत पोहोचला.

पण त्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत. ख्यालाचं सार त्या वेळात काढण्यात आपल्या गवयांनी कमाल केली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही कोणाला अपुऱ्या वाटत नाहीत. तरीही ते सार होतं. विलंबित ख्यालाची बढत, एकेका स्वरावरचा मुक्काम, चुकलेली आणि मग सावरलेली सम, यांना तिथे जागा नव्हती. भास्करबुवा बखले धारवाडला शिकवत होते, १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला, बालगंधर्वांसारखा शिष्य घडवला, १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याचं एकही मुद्रण उपलब्ध नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६पर्यंत होते. त्यांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. जयपूर-अत्रौली गायकीचा उगम असा मौनात आहे.

मग ती गायकी आपल्याला कळते कशावरून? खाँसाहेबांचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून जी विद्या मल्लिकार्जुन मन्सूरांना मिळाली, तिच्यावरून. मन्सूरांनी तरुणपणी ७८च्या तबकड्या दिल्या होत्या. त्या ऐकून मग त्यांच्या उतारवयातली एखादी बैठक ऐकावी. एकनिषाद बिहागडा, खट, शिवमत भैरव अशा रागांना ते हात घालतात आणि वळणावळणाने जाणारी तान समेवर अशी येऊन बसते की ऐकणाऱ्याचा श्वास सुटतो. हे लांबीचं काम आहे. सी-९० कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटं असतात. एक बडा ख्याल आणि त्यामागचा द्रुत या मापात जवळजवळ बेतून मावतो. लाँग प्ले तबकडी वीस-पंचवीस मिनिटांशी थांबत होती, शिवाय ती कंपनीच काढू शकत होती. कॅसेटने वेळ दिला आणि तो वेळ भरायची मुभा श्रोत्याच्या हाती दिली. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासाच्या दृष्टीने ही मुभा गायसबर्गच्या यंत्राइतकीच मोठी घटना आहे.

बंगळुरूत ही घटना दोन प्रवाहांच्या संगमावर घडली. या शहराचं मराठीशी नातं जुनं. १६३८च्या सुमारास ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पण संगीतापुरतं बोलायचं तर शहर कर्नाटक संगीताचं. गायन समाज १९०५पासूनचा. रामसेवा मंडळीचा रामनवमीचा महोत्सव १९३९पासून चालत आलेला, आणि त्यात उत्तर हिंदुस्थानी गवयांनाही बोलावणं असे. इकडे कर्नाटकाचा उत्तर भाग हिंदुस्थानी संगीताचा. सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, मन्सूर, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, ही सगळी नावं धारवाड आणि बेळगाव टापूतली. घरात कानडी, गाण्यात ब्रज आणि मैफिलीत मराठी श्रोता, असा त्यांचा संसार. भीमसेनजींच्या अभंगवाणीची कॅसेट पुण्यात ज्या भक्तीने लागत असे, त्याच भक्तीने दासवाणीची कॅसेट बंगळुरूत लागे. पुण्यातल्या किती घरांना ही दासवाणी ठाऊक आहे? आणि बंगळुरूच्या किती घरांना अभंगवाणीचा पूर्ण पसारा? दोन्ही एका कपाटात शेजारीशेजारी असतील तर निदान विद्यार्थ्याला तरी तो गवई अखंड दिसेल.

बाजारही त्याच काळात फुलला. निसार अहमद यांच्या कविता आणि म्हैसूर अनंतस्वामी यांचं संगीत असलेली 'नित्योत्सव' ही १९७८ सालची कॅसेट कन्नड भावगीतांच्या कॅसेटयुगाचा आरंभ मानली जाते. बंगळुरूची लहरी कंपनी कन्नड चित्रपटगीतांच्या कॅसेट घरोघर पोहोचवू लागली. उत्तरेत गुलशन कुमार यांच्या कंपनीने जुन्या मक्तेदारीला धक्का दिला. त्या सगळ्या उलथापालथीवर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथ लिहिला आणि तो आजही या विषयाचा पाया आहे. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं याच मार्गाने एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांपर्यंत गेली. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने वेगळीच वाट धरली. गजाननबुवा जोशी, निवृत्तीबुवा सरनाईक यांच्यासारख्या, मोठ्या कंपन्यांनी फारसं मनावर न घेतलेल्या गवयांच्या कॅसेट त्यांनी काढल्या. मराठी संगीतविश्वावर या एका दुकानाचे उपकार आहेत, ते मोठ्याने सांगायला हवेत.

घरोघरचा संग्रह मात्र बाजारापेक्षा रेडिओने जास्त भरला. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२पासूनचा, शनिवारी रात्रीचा. टू-इन-वन आल्यावर लोक ब्लँक कॅसेट घालून, बोट बटणावर ठेवून निवेदन संपायची वाट पाहत बसत. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं. म्हैसूरला १९३५ साली सुरू झालेलं केंद्र १९५५ साली बंगळुरूला आलं. या केंद्रांवरून जे वाजलं त्यातलं पुष्कळ केंद्रात राहिलं नसेल, कारण स्पूल महाग आणि जगभरच्या प्रसारणसंस्थांत तो पुसून पुन्हा वापरायची रीत होती. ते कोणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यात असू शकतं. खरखर असेल, मध्येच दुसरं स्टेशन घुसलं असेल, तरी ते गाणं त्या रात्रीचं आहे.

अशी एखादी कॅसेट हातात घेतली तर काय दिसतं? कार्डावर शाईने लिहिलेलं असतं: 'यमन वि. ए., द्रुत तीन', खाली पेटी आणि तबल्याची नावं, कधी फक्त आडनावं. 'बी'च्या पुढे 'मारवा (अपूर्ण)'. वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडलेले, म्हणजे मालकाने ही कॅसेट पुसली जाऊ नये अशी काळजी घेतली होती. एखाद्या कॅसेटचा तोच खड्डा पुढे चिकटपट्टीने बुजवलेला, म्हणजे कोणीतरी तिच्यावर नंतर दुसरं काही भरलं. लावली की आधी तंबोरे जुळताना ऐकू येतात, पेटीवाला 'काळी दोन?' विचारतो, कोणीतरी खुर्ची सरकवतं. विलंबित चांगलं रंगात आलेलं असताना फीत संपते. बाजू उलटेपर्यंत दोन आवर्तनं गेलेली असतात. आणि दोन रागांच्या मधल्या वेळात गवई बोलतो: ही बंदिश कोणाकडून मिळाली, अंतऱ्यातला हा शब्द लोक चुकीचा म्हणतात, गुरुजी इथे असं घेत नसत. हे बोलणं कानडीत सुरू होऊन मराठीत संपतं किंवा उलट. कंपनीच्या ध्वनिमुद्रणात हे सगळं कापून टाकलेलं असतं. संशोधकाला पुष्कळदा हेच हवं असतं.

तालमीच्या कॅसेट त्याहून नाजूक. गुरू एकच जागा पाच वेळा सांगतो, शिष्य चुकतो, गुरू रागावतो. विद्या कशी दिली-घेतली जाते याचा असा पुरावा लिखित साधनांत कुठेच नाही. पण ते दोघांमधलं खाजगी क्षेत्रही आहे. आपलं गाणं कोणी भरून घेऊ नये याविषयी कडक असलेले गवई थोडे नव्हते. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत किती सावध होत्या हे सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्याच भैरवीचं मुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं. म्हणून तालमीची कॅसेट ग्रंथालयात ठेवताना ती कोण ऐकू शकेल, किती वर्षांनी ऐकू शकेल, शिष्यांची आणि कुटुंबाची संमती आहे का, हे लेखी असायला हवं. ही औपचारिकता टाळली की पुढे संग्रहच कुलूपबंद होतो.

कायद्याने ग्रंथालयाचे हात बांधलेले आहेत, असा समज पसरलेला आहे. तो पूर्ण खरा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवायला परवानगी दिली आहे. जतन करणं एक आणि सर्वांना खुलं करणं दुसरं. १९९४पासून कलावंताच्या हक्कालाही कायद्यात स्थान आहे. ऐकवण्याचा निर्णय सावकाश घेता येईल, पण प्रत करून ठेवण्यात दिरंगाईला सबब नाही.

दिरंगाई का परवडत नाही, याचं कारण फितीच्या घडणीत आहे. प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे कण एका चिकट लेपाने बसवलेले असतात. दमट हवेत तो लेप पाणी शोषतो, मऊ पडतो आणि वाजवताना डोक्यावर घासून सुटतो. सी-६०ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९०ची १२, सी-१२०ची अवघी ९; म्हणून पैसे वाचवायला सी-१२०वर भरलेली मैफल सगळ्यांत आधी ताणते आणि गुंतते. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या फितीत एका थराचं गाणं शेजारच्या थरावर उमटतं आणि गवयाने आवाज लावण्याच्या क्षणभर आधीच त्याचा पुसट प्रतिध्वनी येतो. फितीला पाठीमागून दाबणारी नमद्याची छोटी गादी गळून पडते. ती नसली की आवाज कोंडल्यासारखा होतो आणि लोक समजतात कॅसेट गेली. गादी नवी बसवता येते. कवच फुटलं असेल तर फीत दुसऱ्या कवचात घालता येते. या बाबतीत समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरच्या बंगळुरूची हवा मुंबई-गोव्यापेक्षा पुष्कळ दयाळू आहे, आणि बुरशी तुलनेने कमी.

वेगाचा प्रश्न जास्त गहन. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं गाणं चांगल्या डेकवर लावलं की चढ्या सुरात पळतं. वेग चार टक्के चुकला तरी सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका सरकतो. काळी एकचा गवई काळी दोनच्या बाजूला झुकलेला वाटतो आणि आवाजाचा पोतच बदलतो. त्यावरून त्याच्या गायकीविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक फसतो. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ फितीत उतरलेल्या विजेच्या गुणगुणीचा आधार घेतात. ती ५० हर्ट्झची असायला हवी. पण आपल्याकडे त्या काळात विजेची वारंवारताच खालीवर होत असे. म्हणून साथीची पेटी जास्त विश्वासाची. तिचे सूर पितळी पट्ट्यांचे, ते सहसा हलत नाहीत. गाणं कळणारा माणूस आणि यंत्र कळणारा माणूस शेजारी बसले तरच हे काम नीट होतं.

याचे धडे आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. अशोक दा. रानडे यांनी १९६८ ते १९८३ मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा वाहिली आणि ध्वनिमुद्रण हे संगीताच्या अभ्यासाचं मूळ साधन आहे हे मराठीतून ठासून मांडलं. १९८२ साली नाझिर जयराझभॉय यांच्या पुढाकाराने 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' ही संस्था सुरू झाली ती पुण्यात. पुढे ती दिल्लीला आणि मग गुडगावला गेली. शुभा चौधुरी यांनी ती दीर्घकाळ सांभाळली. परदेशी संशोधकांनी भारतात केलेल्या मुद्रणाची एक प्रत भारतात राहावी, हा तिच्यामागचा साधा आणि न्याय्य विचार. जयराझभॉय आणि एमी कॅटलिन यांनी १९८४ साली आणखी एक विलक्षण गोष्ट केली. डच संशोधक आर्नोल्ड बाके यांनी १९३८ साली दक्षिण भारतात केलेली मुद्रणं घेऊन ते कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतल्या त्याच गावांत परत गेले आणि गाणाऱ्यांच्या वारसांना त्यांच्या पूर्वजांचे आवाज ऐकवले. संग्रह गावाला परत द्यायचा असतो, हे त्यातून दिसलं. पुण्याच्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखभराहून अधिक ओव्यांचंही तसंच झालं. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण झालं, संगणकावर नोंदी झाल्या, आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या ऑनलाइन संग्रहाच्या माध्यमातून त्या पुन्हा लोकांपुढे येत आहेत. ओव्यांबरोबर गाव, बाईचं नाव आणि जात नोंदली गेली होती, म्हणूनच कार्यकर्ते त्या बायकांच्या दारी पुन्हा जाऊ शकले. बंगळुरूजवळ रामनगरला एच. एल. नागेगौडा यांनी उभारलेल्या जानपद लोकातही लोककलांच्या ध्वनी-चित्रफितींना मानाची जागा आहे.

आता हिशेब. एक हजार सी-९० कॅसेट म्हणजे दीड हजार तास. कॅसेट वेगाने पळवून प्रत काढणं अभिलेखाच्या कामात चालत नाही. ती जितकी लांब तितकाच वेळ लागतो. दिवसाला सहा तास एक डेक चालला तर २५० दिवस, म्हणजे कामाचं एक वर्ष. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने एका सी-९०ला सुमारे ३ जीबी लागतात. हजार कॅसेट तीन-साडेतीन टेराबाइटमध्ये बसतात. प्रत दोन ठिकाणी ठेवली तरी ही आज विद्यापीठाला न झेपणारी गोष्ट राहिलेली नाही. अडचण आहे ती डेकची. तीन डोक्यांचे, कोन जुळवता येणारे उत्तम डेक आता बनत नाहीत. युनेस्को आणि ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९–२० मध्ये जगभर इशारा दिला होता की २०२५च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणं दुरापास्त होऊ लागेल. तो टप्पा आलेला आहे.

तरी बंगळुरूला काही गोष्टी अनुकूल आहेत. एस. पी. रोडवर जुन्या यंत्रांचे सुटे भाग शोधत फिरण्याची सवय असलेले लोक इथे आहेत. दूरसंचार आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले अभियंते आहेत, आणि त्यांच्यातले कितीतरी पक्के गाण्याचे. विद्यापीठांत संगीताचे विद्यार्थी आहेत, ज्यांना कान तयार करायला याहून चांगलं काम मिळणार नाही. कमी पडतील ती नावं सांगणारी माणसं. कार्डावर फक्त 'जोशी' लिहिलेलं असेल तर तो कोणता जोशी, तबल्याचा ठेका ऐकून साथीदार कोण, मागे दाद देणारा आवाज कोणाचा, हे सांगू शकणारे श्रोते आज सत्तरी-ऐंशीतले आहेत. काही मराठीत आठवण सांगतात, काही कानडीत. म्हणून यंत्र बसवण्याआधी ग्रंथालयाने करायचं पहिलं काम अगदी कमी खर्चाचं: प्रत्येक कार्डाचं दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यायचं, कॅसेट आणि कार्ड यांना एकच क्रमांक द्यायचा, आणि ती यादी घेऊन दोन्ही भाषा येणारा एक विद्यार्थी या श्रोत्यांकडे पाठवायचा. घरचा संग्रह देणाऱ्या कुटुंबांनीही खोकं सोपवताना आपल्याला आठवतं ते, अंदाज असेल तर 'अंदाजे' असं लिहून, त्याच दिवशी कागदावर उतरवून द्यावं.